हात जाईल एवढी खिडकी

मी एक जुना कॅम्पर आहे, मित्रांनो. कॅम्पर म्हणजे ट्रकच्या पाठीवर बसणारं घर. इतर घरांना पाया असतो, मला चार लोखंडी पाय होते. ते खाली सोडले की मी जागच्या जागी उभा राहायचो आणि ट्रक माझ्या पोटाखालून हळूच निघून जायचा. काम आटोपलं की उलटा येऊन मला पुन्हा पाठीवर घ्यायचा. मी सगळं ‘होतं’, ‘होतं’ असं का सांगतो, ते पुढे कळेलच. आधी जरा सावरून बसा आणि ऐका.

मला घडवलं एका सुतारमिस्त्रींनी. गावोगावच्या शाळांची बाकं दुरुस्त करणं हे त्यांचं काम. एकेका शाळेत मुक्काम पडायचा, आणि बायको-लेकीला मागे ठेवून त्यांचा पाय घरातून निघायचा नाही. म्हणून त्यांनी घरच सोबत न्यायचं ठरवलं. सांगाडा लाकडाचा, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. आत शेगडी, मिटलं की भिंतीला चिकटणारं टेबल, आणि ड्रायव्हरच्या केबिनच्या टपावर येणारा पलंग. पलंगाची लांबी त्यांनी स्वतः आडवं पडून मोजली. उठून बसायला उंची किती लागते, ते मोजायचं मात्र राहूनच गेलं. रोज सकाळी वरून ठण् असा आवाज यायचा आणि मग आईचा, “अहो, डोकं सांभाळा!” सांभाळायची वेळ तेव्हा टळून गेलेली असायची. शेवटी तिने तिथे जुन्या रजईचा तुकडा चिकटवला.

आई म्हणजे मिस्त्रींची बायको. लेक तिला आई म्हणायची, म्हणून मीही मनातल्या मनात तेच म्हणायचो.

माझे पाय बसवले मिस्त्रींच्या वेल्डर दोस्ताने. त्याने विचारलं होतं, “पाय जरा रुंद लावू का रे? उद्या मोठा ट्रक घेतलास तर?”

“ट्रक आणि बायको, दोन्ही बदलायचा माझा विचार नाही,” मिस्त्री म्हणाले.

“वहिनींना विचारलंस का, त्यांचा विचार काय आहे ते?”

“अरुंदच लावा, भाऊजी,” आई आतून म्हणाली. “फार भटकायला लागले तर अडकवून तरी ठेवता येईल.”

तिघं पोट धरधरून हसले आणि माझे पाय त्या एकाच ट्रकच्या मापाचे झाले. हे लक्षात असू द्या.

माझ्या पुढच्या भिंतीत एक छोटी खिडकी होती. सागवानी चौकट, सरकती काच, ट्रकच्या मागच्या काचेशी नेमकी जुळणारी. ट्रकमध्ये पुढच्या दुसऱ्या सीटवर हत्यारांची पेटी असायची. मागे ठेवली तर रंध्यांची पाती आपटून बिघडतात, असं मिस्त्रींचं म्हणणं. “सवत पुढे, मी मागे,” असं म्हणत आई माझ्या बाकावर बसायची. रेल्वेचं फाटक लागलं, मेंढरं आडवी आली, गाडी थांबली, की मिस्त्रींचा डावा हात त्या खिडकीतून मागे यायचा. आई त्यावर संत्र्याच्या फोडी ठेवायची, नाहीतर कोरडा रुमाल. काहीच नसलं तर आपला हात ठेवायची. मग फाटक उघडलं तरी आमची गाडी हलायची नाही आणि मागचे लोक हॉर्न वाजवून कावायचे. रिकामा हात मागे यायचा, भरलेला हात पुढे जायचा. देवाने माणसाला हात कशासाठी दिले, ते मला त्या खिडकीत कळलं.

दिवस गेले. पलंगावर लोळून गणितं सोडवणारी लेक मोठी झाली, दूरच्या शहरात नवे कॅम्पर बनवणाऱ्या कारखान्यात आराखडे काढू लागली. ट्रक थकून भंगारात गेला. मी अंगणात आपल्या चार पायांवर उभा राहिलो. माझ्या छपराच्या सांध्यातलं रबर नखभर सुटलं होतं. मिस्त्रींनी पाहिलं आणि म्हणाले, “बघू नंतर.” मित्रांनो, पाऊस बिचारा बाहेरच असतो. घरात पाणी येतं ते या ‘बघू नंतर’मधून. पत्रा वरून चकचकीत राहिला आणि आतलं लाकूड कुजत गेलं.

तशीच मिस्त्रींची आठवणही आतून सुटत गेली. आधी हत्यारांची नावं गेली, मग शेजाऱ्यांची, मग लेकीचं. गाडीत बसवलं की ते घाबरून दार उघडायला बघायचे. लेकीला दोघांना आपल्याजवळ न्यायचं होतं, पण रस्ता लांबचा. डॉक्टर म्हणाले, प्रवास झेपत नसेल तर यांना इथल्याच वृद्धाश्रमात ठेवा. तिथे जोडप्याची सोय नव्हती.

“इतकी वर्षं सवतीपायी मागे बसले,” आई म्हणाली, “पण मागे राहिले नाही कधी. आता कशी राहू?”

मग लेक एका रुंद, दणकट ट्रकवर स्वतः आखलेला नवा कॅम्पर घेऊन आली. मला वाटलं होतं, मत्सर वाटेल. छे! मी बघतच राहिलो. छप्पर अखंड, सांधाच नाही. भिंती जाड पण वजनाला हलक्या, उन्हात आत गारवा. पाण्याची टाकी तळाशी, म्हणजे वळणावर डोलायला नको. वर सूर्यावर चालणारे दिवे, आणि पाय तर बटण दाबलं की आपोआप खाली. पलंगावर उठून बसायला भरपूर उंची!

“पुढच्या भिंतीला भोकच ठेवलं नाही,” लेक आईला सांगत होती. “भोक नाही, तर गळती नाही. याच्याकडून शिकले.” आणि तिने माझ्या पत्र्यावर प्रेमाने थाप मारली.

मिस्त्रींना आत बसवलं. आई पुढे लेकीशेजारी बसली. मागचं दार उघडं ठेवून ट्रक अंगणातच हळूहळू निघाला. मिस्त्री उठले आणि पुढची भिंत चाचपू लागले. “खिडकी कुठे गेली? अगं ए! कुठे आहेस तू?”

भिंतीवरच्या व्हिडिओच्या पडद्यावर पुढे बसलेल्या आईचा चेहरा दिसला. “अहो, मी इथेच आहे.”

त्यांनी पडद्याला बोटं लावली. “ही अशी गार का पडलीय?” म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. ट्रक अंगणाच्या फाटकापर्यंतही पोचला नाही.

“मग जुन्यातच नेऊ त्यांना,” आई म्हणाली.

वेल्डरकाका आले. नवा कॅम्पर उतरवून ट्रक माझ्याखाली घालायला गेले, तर चाकं माझ्या पायांनाच अडली. “वहिनी, अडकवून ठेवायचं म्हणालात ना? घ्या!” ते हसले खरे, पण डोळे पुसत. मग त्यांनी माझा कोपरा दाबला. बोट सरळ लाकडात गेलं. “पाय रुंद करून देईन मी, पण हा पहिल्याच वळणावर पसरेल.”

लेक माझ्या पायरीवर बराच वेळ बसली. मग आत आली आणि खिडकीतून हात घालून तिने बोटं हलवून पाहिली. बाहेर जाऊन ती करवत घेऊन आली. आपल्या त्या अखंड, निर्दोष भिंतीवर तिने ट्रकच्या मागच्या काचेशी जुळेल असा चौकोन पेन्सिलीने आखला. दोनदा मोजून पाहिला. आणि तो चौकोन कापून काढला. मग माझे स्क्रू एकेक करून काढले आणि ती सागवानी चौकट नव्या भिंतीत बसवायला माझ्यातून सोडवली. सांगू? दुखलं नाही मला.

मिस्त्री चौकटीला पॉलिश पेपर घासत बसले. लेक कोण, हे त्यांना आठवत नव्हतं. तरी म्हणाले, “पोरी, रबर नीट बसव हं. नंतरवर टाकू नकोस.”

“नाही टाकणार, बाबा.”

माझा पत्रा, माझे पाय वेल्डरकाकांकडे गेले. मी आता या चौकटीएवढाच उरलोय, मित्रांनो. आणि तरीही सगळाच्या सगळा आहे. तुम्ही मोठे व्हाल, माझ्याहून कितीतरी शहाणी घरं बांधाल. छपराचा सांधा वेळच्या वेळी बघा. आणि भिंत कितीही चांगली जमली, तरी तिच्यात एक हात जाईल एवढी जागा ठेवा. तेवढी गळती झाली तरी चालेल. लेकीने रबर चांगलं बसवलंय, होणार नाही.

काल आम्ही निघालो. पहिल्याच फाटकाला गाडी थांबली आणि पुढून आईचा हात माझ्यातून मागे आला, रिकामा. मिस्त्री त्या हाताकडे पाहत राहिले. मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी त्यावर ठेवली. काय वाटलं कोण जाणे, ती परत उचलली आणि तिथे आपला हात ठेवला.

फाटक उघडलं. मागचे हॉर्न वाजवू लागले. लेकीने गाडी हलवली नाही.