चित्र कोण घालवतं?

आतल्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. पलंगावर यशोदाबाई, खुब्याचं हाड मोडल्यामुळे आडव्या. उशाशी स्टुलावर लॅपटॉप, त्यावर बातम्या चाललेल्या. आणि भोवती नाशिकरोडची ती निम्मी कॉलनी.

"सूनबाई, या आता उंबऱ्यावर," मोतीराम सर म्हणाले.

अंजली उंबऱ्यावर आली आणि लॅपटॉपचा पडदा काळा झाला. ती मागे सरली, बातम्या परत सुरू. पुन्हा आली, पुन्हा काळोख. "अगं बाई!" असा सूर गर्दीतून निघाला आणि दोघीतिघींनी अंजलीपासून पदर आवरून घेतला.

"आम्ही बुवा नाही बरं का," सरांनी छातीवर हात ठेवला. "अंगारा नाही, धुपारा नाही. शुद्ध सायन्स! माणसातून लहरी निघतात. यांच्या ऋण लहरी वायफायला खातात, त्या आईंच्या हाडाला सोडतील? हाड जुळेपर्यंत यांना माहेरी ठेवा आणि आमचं तांब्याचं यंत्र उशाला."

विज्ञानात काठावर पास झालेला माणूसही याला हसला असता. यशोदाबाईंचा मुलगा, अंजलीचा नवरा बुद्धभूषण हसला नाही. तो पॉलिटेक्निकात कॉम्प्युटर शिकवायचा. त्याच्या वडिलांनी सायखेड्यात लोकांच्या हातातले गंडेदोरे सोडवले होते. या घराच्या दाराला कधी लिंबू-मिरची लागली नव्हती. आणि त्याच घरात तो मान डोलावून म्हणाला, "उद्या सकाळी हिला चांदवडला, माहेरी सोडून येतो."

अंजलीने त्याच्याकडे पाहिलं. तो फरशीकडे पाहत होता.

आईला पडल्या पडल्या टीव्ही दिसावा म्हणून त्यानेच ही सोय केली होती. हॉलमधल्या डिशच्या सेट-टॉप बॉक्सला एक डबी जोडली, ती घरच्या वायफायवरून लॅपटॉपवर चित्र पाठवायची. भिंती जाड, त्यामुळे ते कधीमधी अडखळायचं. आईचं हाड लवकर जुळावं म्हणून एका नातेवाइकाने लहरींवर उपचार करणाऱ्या मोतीराम सरांचं नाव सुचवलं. पहिल्याच भेटीत त्यांचा चेला ललित याने चहाच्या आधी वायफायचा पासवर्ड मागितला. हल्ली पाहुण्याला पाण्यासोबत पासवर्डही द्यावा लागतो. बुद्धभूषणनेही दिला. तेव्हापासून अंजली दिसली की चित्र जाऊ लागलं.

"सर, मी जाते माहेरी," अंजली म्हणाली. "पण एकदा दार लावून करून बघू. ललितभाऊ बाहेर हॉलमध्ये बसतील."

"लहरींची परीक्षा घेऊ नये, ताई."

"का? वायफाय भिंतीतून येतं, मग माझ्या लहरी बंद दाराला घाबरतात की काय?"

"करू द्या की तिला," यशोदाबाई पलंगावरून कडाडल्या. "माझं हाड हाय, माझं मी बघंल!"

ललित बाहेर गेला, दार लागलं. अंजली उंबऱ्याला खेटून उभी राहिली. बातम्या चालूच. पलंगावर बसली, सासूच्या पायावर हात ठेवला. बातम्या चालूच. मग ती लांब खिडकीपाशी गेली आणि तेवढ्यात पडदा काळा झाला.

"बाई गेली खिडकीत, लहरी राहिल्या दारात!" कुणीतरी म्हणालं आणि सगळी खोली खदखदून हसली.

अंजलीने दार उघडलं. ललित सोफ्यावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मोबाइलवर त्याच बातम्या, तीच निवेदिका.

"ही डबी एका वेळी एकालाच चित्र देते," अंजली म्हणाली. "ललितभाऊंनी घेतलं की आईंचं जातं, त्यांनी सोडलं की परत येतं. मी दिसले की घ्यायचं, मागे गेले की सोडायचं. दार लागल्यावर बिचारे अंदाजाने खेळत होते." मग ती नवऱ्याकडे वळली. "डबी आणली त्या दिवशी हे तुम्हीच सांगितलं होतं मला."

बुद्धभूषणच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. दुसरं कुणी पाहू लागलं की लॅपटॉपवर तशी सूचना यायची. आईला त्या इंग्रजी चौकटीचा वैताग यायचा, म्हणून त्यानेच ती बंद केली होती. डबीचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच होता, म्हणून ललितला ती सहज उघडता आली; आणि असा पासवर्ड आधी बदला, असं बुद्धभूषण विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला बजावायचा. त्याला सगळं माहीत होतं. पण चारचौघांत सरांना अडवायची त्याला लाज वाटली होती. बायकोची अब्रू जाताना ती लाज कुठे होती, हे त्याला सांगता येईना. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

सर यंत्र बगलेत मारून निसटले, मागोमाग ललित. लोक हसू लागले.

"हसू नका," बुद्धभूषण म्हणाला. "मघाशी तुम्ही पदर आवरलेत आणि मी मान डोलावली. शिकलेला माणूस फसत नाही, या भ्रमात राहू नका. यंत्र बिघडलं तर यंत्र तपासा. माणसाकडे कुणी बोट दाखवलं तर विचारा, कशावरून? दार लावून दाखव म्हणा. मला हे येत होतं. मी केलं नाही."

एकेक जण चपला शोधत निघून गेला.

रात्री अंजलीने पिशवी भरून कपाटापाशी ठेवली. बुद्धभूषणने ती उचलली. "कपडे परत लावून ठेवू?"

"नको. उद्या जाते मी चांदवडला."

"अगं, पण आता तर सगळं कळलं!"

"त्या दोघांनी काय केलं ते कळलं," अंजली म्हणाली. "तुम्ही मान का डोलावलीत, ते नाही कळलं. तुम्हाला कळलं की घ्यायला या."