रांगेतलं इंग्रजी

केंद्रप्रमुख ढमढेरे सर न सांगता आले तेव्हा दुपारचे बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती. अनिता शितोळे तिसरी-चौथीला भागाकार शिकवत होती. शाळा इनामगावच्या पुढे, घोड नदीच्या कडेच्या वस्तीवर होती. पहिली ते चौथी, पट एकतीस, शिक्षक दोन. त्यातली सतरा मुलं अनिताकडे. केडगावहून स्कूटीवर पाऊण तास यायला, पाऊण तास जायला. हे तिचं नववं वर्ष.

सर खुर्चीत बसून हजेरीपट चाळू लागले. चौथीतली वैष्णवी पाण्याचा तांब्या घेऊन आली. सरांनी वर न बघताच पेला पुढे केला आणि तो कलला.

"सर, होल्ड इट स्ट्रेट," वैष्णवी म्हणाली. "इट विल स्पिल."

सरांनी पेला सरळ धरला. मग वर बघितलं.

तेवढ्यात माठाजवळून पप्पू ओरडला, "हू टुक द लिड? माशा बसत्यात!"

"नॉट मी. लूक अंडर द टेबल," तिसरीतल्या प्रगतीनं जागेवरूनच सांगितलं.

पप्पू वाकला, टेबलाखालचं झाकण उचललं, माठावर ठेवलं आणि जागेवर जाऊन बसला. काही विशेष घडलं असं सतरा मुलांतल्या एकालाही वाटलं नव्हतं.

ढमढेरे सरांच्या केंद्रात अकरा शाळा होत्या. अकराही ठिकाणी मुलं स्वतःचं नाव, गाव, आवडता प्राणी इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवत. हरवलेलं झाकण इंग्रजीत शोधणारं पोर त्यांनी आजच बघितलं.

"मॅडम, हे कसं जमवलंत?"

अनितालाही तेच विचारायचं होतं. ही वाक्यं तिनं शिकवली नव्हती, पुस्तकात तर नव्हतीच. पण सर कौतुकानं बघत होते, आणि नऊ वर्षांत तिच्याकडे तसं कुणी बघितलं नव्हतं.

"सराव घेतला, सर," ती म्हणाली.

"मग या महिन्याची शिक्षण परिषद तुमच्याकडेच घेऊ. शेवटचा शनिवार. केंद्रातले सगळे शिक्षक येतील. दैनंदिन इंग्रजी, अर्ध्या तासाचा पाठ, तुम्ही घ्यायचा. नीट झाला तर तालुक्याला तुमचं नाव पाठवतो."

हातात अठरा दिवस होते.

मधल्या सुट्टीत तिनं वैष्णवीला बाजूला घेतलं.

"स्पिल कुणी शिकवलं तुला?"

"कुणी न्हाई, मॅडम."

"मग आलं कुठनं?"

"डेअरीवर बोलतो की आमी. सुषमाकाकीसंगं."

"आनंदरावांच्या डेअरीवर? ती दूध मापायला बसते ती?"

"व्हय. लय भारी बोलती काकी." एवढं सांगताना वैष्णवीचा चेहरा फुलला. अनितानं तो तसा फुललेला वर्गात कधी पाहिला नव्हता. शब्दापेक्षा तिला ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वीसला ती डेअरीवर पोचली. पत्र्याच्या शेडबाहेर कॅन रांगेनं लावलेले होते. रांगेत माणसानं उभं राहायचं नाही, कॅननं राहायचं, अशी तिथली पद्धत. ज्याचा कॅन पुढे त्याचा नंबर. मोठी माणसं कट्ट्यावर गप्पा मारत होती. कॅन सरकवायचं काम पोरांचं होतं.

आत सुषमा कोळपे दूध ओतून घेत होती. वस्तीवरच्याच हरिबा कोळपेंची धाकटी सून. दहावी झालेली. तिचे आईबाप मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचे तेव्हा तिला केडगावला एका मिशनच्या वसतिगृहात ठेवायचे, हे वस्तीवर सगळ्यांना माहीत होतं. तिथं मोठ्या बाया स्वयंपाकघरात इंग्रजी बोलायच्या आणि भांडी घासताना सुषमा ते ऐकायची. अनिता केडगावचीच. त्या वसतिगृहाच्या मुली रविवारी बाजारातून रांगेनं जायच्या आणि आपसात इंग्रजीत काहीतरी बोलून हसायच्या. अनिता तेव्हा वडिलांच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसलेली असायची. त्या कशाला हसतात ते तिला कळायचं नाही. पुढे तिनं एम.ए. इंग्रजी घेऊन केलं, डी.एड. केलं.

"काय मॅडम, म्हस घेतली का काय?" कट्ट्यावरून पुतळाबाईंनी विचारलं. "का आमची भेसळ धरायला आलाय?"

"नाही हो मावशी, सहज."

"बसा की मग. पोरींचं इंग्लिश ऐका. आमची म्हस बी आता मूव्ह म्हटल्याबिगर हलत न्हाई." कट्टा हसला.

अनिता बसली नाही. दाराशी उभी राहून बघत राहिली. प्रत्येक कॅनमधलं थोडं दूध कपात घेऊन मशिनखाली ठेवायचं, बटण दाबायचं आणि चाळीस सेकंदांनी पडद्यावर फॅटचा आकडा येतो. ते बटण दाबायला प्रत्येक पोराला हवं होतं. सुषमाची अट एकच होती. काय पाहिजे ते इंग्रजीत मागायचं.

"काकी, कॅन आय प्रेस?"

"नॉट येट. वाइप युअर हँड्स फर्स्ट."

"हूज कॅन इज धिस? इट इज लीकिंग!"

"ओ, दॅट इज माइन! वेट, वेट!"

सुषमाचे हात थांबत नव्हते, मान वर होत नव्हती. ओतता ओतता ती बोलत होती आणि पोरं तिला उत्तरं देत होती. कुणी चुकलं तर ती थांबवत नव्हती. तेच वाक्य नीट करून परत बोलायची आणि पुढे जायची. अनिता ऐकताना चूक शोधत होती. बाविसाव्या मिनिटाला सुषमाची एक सापडली. शाळेत पोचेपर्यंत अनिताला त्या चुकीनं बरं वाटत होतं.

ती डेअरीवरून निघताना पप्पूनं तिला बघितलं. "गुड मॉर्निंग, मॅडम," तो वर्गात म्हणतो त्याच सुरात म्हणाला, आणि लगेच वळून सुषमाला म्हणाला, "काकी, टुडे शी इज किकिंग. माय बफेलो."

आपली म्हैस आज लाथा मारतेय, हे त्याला सुषमाला सांगायचं होतं. अनिताला त्यानं शाळेत आल्यापासून इंग्रजीत स्वतःहून काहीही सांगितलं नव्हतं. विचारल्यावर फक्त उत्तर दिलं होतं.

त्याच दुपारी ती आनंदरावांच्या घरी गेली. डेअरीचे चेअरमन तेच आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्षही तेच.

"आप्पा, डेअरीवर लहान पोरं कॅन ओढतात. बरं दिसत नाही ते."

"घरचंच काम हाय की, बाई. कवापास्नं चाललंय."

"उद्या कुणी फोटो काढून टाकला तर? बालमजुरी म्हणतील. तुम्ही चेअरमन, तुमचंच नाव येईल. शिवाय ऊस वाहतूक सुरू झालीय, ट्रॅक्टर जातात तिथनं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी साहेब लोक येणार आहेत."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आनंदरावांनी गालावरून हात फिरवला.

"तसं बराबर हाय तुमचं. बोर्ड लावतो."

तिसऱ्या दिवशी शेडवर पांढरा फ्लेक्स लागला. चौदा वर्षांखालील मुलांना दूध घेऊन पाठवू नये, हुकुमावरून. सुषमानं कुणाला काही विचारलं नाही. वरून नियम आला असेल असं तिनं धरलं. वैष्णवीची आई आता स्वतः कॅन घेऊन जाऊ लागली आणि सकाळची स्वयंपाकाची वेळ हुकते म्हणून कुरकुरू लागली.

अनितानं सराव सुरू केला. डेअरीवर ऐकलेली वाक्यं तिनं जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिली, एकूण बावीस. घरून रिकामा कॅन आणला, कप आणला. दोन मुलांना रांगेत उभं केलं.

"म्हण. हूज कॅन इज धिस?"

"हूज कॅन इज धिस," पप्पू भिंतीकडे बघत म्हणाला.

"मॅडमकडे बघून विचार."

"पर मॅडम, कॅन तर तुमचाच हाय. मला माहितीय."

मुलं हसली. अनिता हसली नाही.

"वैष्णवी, तू. इट इज लीकिंग."

वैष्णवीनं कॅन उचलून तळ बघितला. "मॅडम, ह्यात दूधच न्हाई. गळंल कुठनं?"

"नाटक आहे हे. म्हणायचं फक्त."

मुलांनी म्हटलं. दहा दिवसांत बावीसच्या बावीस वाक्यं त्यांना पाठ झाली, एका सुरात, हात मागे बांधून. अनितानं रोज ऐकलं आणि रोज तिला पत्र्याच्या शेडमधला तो गोंगाट आठवला. एकदा तिनं वैष्णवीला, आज घरी काय केलंस ते सांग, असं इंग्रजीत विचारलं. वैष्णवीनं आधी कॅलेंडरवर वाक्य शोधलं. ते तिथं नव्हतं. तिनं हात मागे बांधले.

शेवटच्या शनिवारी सकाळी अकरा वाजता त्रेचाळीस शिक्षक बाकांवर बसले. ढमढेरे सर पुढे. पाठ अठ्ठावीस मिनिटं चालला. कुणी अडखळलं नाही. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. मागच्या बाकावरचा एक शिक्षक शेजाऱ्याला म्हणाला, "पाठांतर चांगलं घेतलंय." त्याला ते कौतुकच वाटत होतं.

ढमढेरे सर जवळ आले. "छान झालं, मॅडम. पण त्या दिवशी मुलं बोलत होती. आज म्हणून दाखवत होती. दडपण आलं असेल." त्यांनी वहीत काही लिहिलं नाही.

साडेअकराला चहा आला. आनंदरावांनी डेअरीच्या दुधाचा चहा करून पाठवला होता आणि वाटायला सुषमा आली होती. एका हातात मोठी किटली, दुसऱ्या हातात कपांची ताटली. ती दारात दिसली आणि सतरा पोरं उठून तिच्याकडे धावली.

"काकी! गिव्ह मी द ट्रे!"

"केअरफुल, इट इज हॉट. वन बाय वन."

"काकी, माय मदर इज सो अँग्री. एव्हरी मॉर्निंग शी शाउट्स!" वैष्णवी म्हणाली.

"व्हाय?"

"शी हॅज टु कॅरी द कॅन! अँड आय हॅव टु मेक भाकरी!"

सुषमा हसली. पोरं हसली. त्रेचाळीस शिक्षकांच्या गप्पा थांबल्या. पप्पूला लाथ बसली होती तो गुडघा तो सुषमाला दाखवत होता आणि त्याची हकीकत इंग्रजीत सांगता सांगता मध्येच मराठीत घसरत, परत इंग्रजीत येत होता.

ढमढेरे सर उठून तिच्यापर्यंत गेले. "ताई, ही पोरं तुमच्याशी बोलतात असं. तुम्ही शिकवलंत का हे?"

सुषमानं किटली खाली ठेवली. तिनं बाकांकडे बघितलं, फळ्यावर लिहिलेलं अनिताचं नाव बघितलं.

"न्हाई सर," ती म्हणाली. "मी दहावी शिकलेली. मॅडमनीच शिकवलंय. मी आपलं नुसतं बोलते त्यांच्याबरोबर, सराव व्हावा म्हणून."

सगळ्या माना अनिताकडे वळल्या. ढमढेरे सरांच्या चेहऱ्यावर समाधान आलं आणि त्यांनी खिशातलं पेन काढलं. अनिताला फक्त गप्प राहायचं होतं. नाव तालुक्याला गेलं असतं.

पण ते सुषमानं दिलेलं असतं. त्रेचाळीस माणसांसमोर, न मागता, इतक्या सहज, जसा एखादीनं आपल्या ताटातला घास शेजारणीच्या ताटात सरकवावा. दुकानाच्या पायरीवर बसून ज्यांच्याकडे बघितलं त्यांतल्या एकीनं. अनिताला ते सहन झालं नाही.

"खोटं सांगतायत त्या," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मी नाही शिकवलं. एकही वाक्य नाही. सगळं डेअरीवर शिकलीत मुलं. मी तिथनं ऐकून कॅलेंडरवर उतरवलं. आणि मुलांचं तिथं जाणं मीच बंद करवलं. बोर्ड माझ्यामुळं लागलाय."

दाराशी उभे असलेले आनंदराव पुढे आले. "म्हंजी बाई, ते बालमजुरीचं..."

"तेही खरं होतं, आप्पा. पण मी त्यासाठी नव्हते आले."

ढमढेरे सरांनी पेनाचं टोपण लावलं.

सुषमा अनिताकडे बघत होती. "तुमी?" ती हळू म्हणाली. "मी समजले वरून आलं. पंधरा दिस मी एकटी बसतीय त्या मशिनपुढं, मॅडम. मोठी माणसं बोलत न्हाईत माझ्यासंगं. नुसता आकडा इचारत्यात."



"बोर्ड काढतो आजच," आनंदराव कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले. "पोरांना कॅन उचलू द्यायचा न्हाई, एवढं बघू. रांगेत हुभी ऱ्हाऊ द्यात."

ढमढेरे सर सुषमाकडे वळले. "ताई, एक विनंती आहे. चहा वाटा तुम्ही. रोज मुलांशी बोलता तसंच आमच्याशी बोला. आम्हाला बघायचंय. पाठ समजा हवं तर."

सुषमा थोडी लाजली, पण तिनं किटली उचलली. वैष्णवी कपांची ताटली धरून पुढे, पप्पू साखरेचा डबा घेऊन मागे. पहिल्या बाकावर एक वयस्कर गुरुजी बसले होते.

"टी, सर? शुगर?"

"यस... यस प्लीज. लिटल," गुरुजी म्हणाले आणि स्वतःच हसले. पुढच्या बाकावर एका शिक्षिकेनं कप पुरेसा भरला म्हणून हातानं खूण केली. "यू हॅव टु से इट, मॅडम," वैष्णवीनं तिला सुनावलं, आणि सगळा वर्ग हसला. माणसं रेटून, चुकत, बोलू लागली. कुणी जास्त मागितला, कुणी बशी मागितली, कुणी विचारलं की हे दूध म्हशीचं का गाईचं. सुषमा प्रत्येकाशी बोलली. ढमढेरे सर लिहीत होते.

अनिता फळ्याशेजारी उभी होती. तिनं मनात इंग्रजी उत्तर तयार ठेवलं होतं, साधंच, तीन शब्दांचं: यस, थँक यू. गेली नऊ वर्षं ती ते मुलांकडून म्हणवून घेत आली होती. स्वतःला ते म्हणायची वेळ कधी आली नव्हती.

सुषमा तिच्यासमोर आली. कप भरला, काठ पुसला, पुढे केला.

"मॅडम, चहा घ्या," ती म्हणाली. "साखर चालंल ना?"

"चालेल," अनिता म्हणाली.

तिनं कप घेतला. सुषमा पुढच्या बाकाकडे वळली आणि परत इंग्रजीत बोलू लागली.