कुंपणाच्या अलीकडची बाग

अभयारण्याच्या बागेत बुधवारी सकाळी मदतीला माणसं हवी आहेत, असं वाचनालयातल्या फळ्यावर वाचलं आणि घरी येऊन मी जुने बूट शोधायला लागले. खरं सांगायचं तर बागकामाची हौस आता उरली नव्हती. मला बोलायला माणसं हवी होती. हे गेल्यापासून घरात माझा आवाज मलाच परका वाटतो. लेक फोनवर विचारते, "आई, घसा बसलाय का?" बसला नाही गं, वापरात नाही, असं मी म्हणते.

बाग जुन्या ओळखीची. मुलं लहान असताना आम्ही चौघं तिथे जायचो. तेव्हा नुसती शोभेची बाग होती. गोल वाफे, कातरलेली झुडपं, मधोमध कारंजं. कुंपणापलीकडे दलदल. मुलं तिकडे गेली की एक तरी चप्पल गमावून यायची. आणि मी वाफ्यांच्या कडेने चालता चालता सुकलेली फुलं खुडायचे. ही सवय सासूबाईंनी लावलेली. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी मला कुंड्यांपुढे उभं केलं होतं. "वाळलेलं फूल ठेवलंस की झाड बी धरतं आणि आळसावतं. खुडलंस की पुन्हा फुलतं." तेव्हापासून हात आपोआप चालतो. हे मागून कुजबुजायचे, "अगं, लोकांची बाग आहे ही! उद्या दवाखान्यात गेलीस तर पेशंटांची नखं कापत बसशील."

आता त्या दलदलीच्या जागी पाखरांसाठी आणि फुलपाखरांसाठी रानबाग केली आहे. तिची प्रमुख माझ्या लेकीहूनही लहान मुलगी. "आजी, आजचा दिवस बघू," ती म्हणाली. "जमलं तर दर बुधवारी यायचं."

मदतीला आणखी दोघं होते. एक निवृत्त पोस्टमन आणि एक धिप्पाड नर्सबाई. दोघांची सारखी जुंपलेली.

"अहो पोस्टमन, ते रोप आहे, गवत नाही!"

"त्यावर पत्ता नव्हता, मी काय करू?"

मी मोठ्याने हसले. नर्सबाई वळून म्हणाल्या, "तुम्ही चहात साखर किती घेता हो? नंतर करणार आहे." एवढ्याशा प्रश्नाने मला भरून आलं. बुधवार मिळाला तर बाकीचा आठवडा कसाही निघेल, असं मनात आलं.

मला पायवाटेकडचं गवत उपटायला दिलं होतं. शेजारच्या वाफ्यात सूर्यफुलं आणि झिनिया, सगळी करपून माना टाकलेली. पोस्टमन आपल्या सुनेच्या स्वयंपाकाची गोष्ट रंगवून सांगत होते. मी हसत होते आणि हात चालत होता. गोष्ट संपली तेव्हा वाफा लख्ख झाला होता आणि बादली वाळक्या फुलांनी काठोकाठ भरली होती.

ती मुलगी आली. बादलीतलं एक वाळकं फूल उचलून तिने तळहातावर चोळलं.

"आजी, या बिया पाखरांसाठी राखल्या होत्या. थंडीत त्यांना दुसरं फारसं काही मिळत नाही."

पोस्टमन "अरे देवा" म्हणाले आणि खुरपं घेऊन खाली वाकले.

"मी खाली पसरून ठेवते ना."

"खाली उंदीर खातात. ओरडत नाही हं मी. आधी सांगायला हवं होतं, चुकलं माझंच."

"पुन्हा नाही होणार," मी म्हटलं. आणि म्हणताना माझ्या बोटांत झिनियाचं आणखी एक वाळकं फूल होतं. ते कधी खुडलं, देव जाणे.

नर्सबाई खो खो हसल्या. ती मुलगीही हसली. पण हसता हसता तिचं काहीतरी ठरलं. "हे हात इथे नकोत, आजी. शोभेच्या बागेत आम्हाला नेमकं हेच काम करणारं कुणी मिळत नाही. तिकडे याल?"

मला बक्षीस दिल्यासारखा तिचा चेहरा फुलला होता. मी "येईन की" म्हटलं.

तर आता दर बुधवारी मी कुंपणाच्या अलीकडे असते. इकडे एकच माळी. तो गवत कापायचं यंत्र चालवतो, कानांवर मोठी झाकणं लावून. काही विचारलं तर झाकण उचलतो, "हो हो" म्हणतो आणि पुन्हा लावतो. वाफे असे कधी फुलले नव्हते, असं ती मुलगी येऊन सांगून गेली. पहिल्या बुधवारी नर्सबाईंनी पलीकडून हाक मारली होती, "या ना चहाला!" पण फाटक पार त्या टोकाला. माझे गुडघे मला घेऊन पोहोचले तोवर कप विसळून झाले होते. बिचाऱ्यांनी थर्मास उलटा करूनही पाहिला. त्यानंतर मीच म्हटलं, नको, मी घरून घेऊन येते.

कुंपणालगतच्या वाफ्यात गुलाब आहेत. ते मी चहाच्या वेळेसाठी राखून ठेवते. पोस्टमन पलीकडे काहीतरी सांगत असतात. शब्द नीट पोहोचत नाहीत, पण नर्सबाई हसल्या की मीही हसते. गुलाबांवर वाळलेली फुलं थोडीच असतात. ती मी एकेक करून, अगदी सावकाश खुडते.