खेळातली विहीर

१९६३ सालच्या एप्रिलमध्ये उंद्रीच्या शाळेत ग्रामपंचायत सदस्यांचं शिबिर भरलं, तेव्हा शालिग्राम मास्तर तिथे एक खेळ घेऊन गेले. ते मूळचे खामगावचे शाळामास्तर. जिल्हा परिषद नवी झाल्यावर सदस्यांना कारभार शिकवायचं काम त्यांच्याकडे आलं. भाषणात लोक डुलक्या घेतात हे महिन्याभरात कळलं, म्हणून त्यांनी हा खेळ बसवला. जमिनीवर खडूने एक खोटं गाव काढायचं, त्याचं नाव सोनवाडी. डब्यातून चिठ्ठी उचलायची आणि तिच्यात जो निघेल तो माणूस व्हायचं: सरपंच, तलाठी, कुंभार, मजूर. मास्तर कवड्या टाकून सांगणार की यंदा पाऊस पडला का, रोगराई आली का. मग आपापल्या जागेवरून ज्याने त्याने बोलायचं आणि सोनवाडीचा कारभार चालवायचा. बारा जणांवर करून पाहिला तेव्हा खेळ झकास झाला होता.

उंद्रीला एकेचाळीस जण आले. झळा लागतात म्हणून खोलीची दारं लावलेली. पहिल्या फेरीत सगळे एकदम बोलायला लागले आणि चहाला सुटले ते निम्मे परतलेच नाहीत. मास्तरांनी त्यांना गोळा करून आणलं आणि दोन नियम केले. प्रत्येक वस्तीतर्फे एकानेच बोलायचं, आणि फेरी संपेपर्यंत कोणी उठून जायचं नाही.

सरपंचाची चिठ्ठी भिमाबाईला निघाली. जवळच्याच एका गावातल्या बौद्ध वस्तीतली ही बाई, बायांच्या जागेवर बिनविरोध आलेली. मास्तरांनी चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा मागे कोणीतरी हसलं. तिच्याच गावचे खरे सरपंच किसनराव समोर बसले होते. त्यांना निघाला होता सोनवाडीच्या खालच्या वस्तीतला मजूर.

"वा," किसनराव म्हणाले, "आज आमी भिमाबाईच्या हाताखाली."

खेळात त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. पंचायतीकडे एकाच विहिरीचं काम मंजूर होतं. ती वरच्या आळीत खणायची की खालच्या वस्तीत, हा प्रश्न. वरच्या आळीचा माणूस दोन वाक्यं बोलून बसला. मग किसनराव उठले. त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून काखेत धरलं, पाठ वाकवली आणि आवाज बारीक केला.

"मायबाप सरपंच, आमच्या बाया पहाटंपासून दुसऱ्याच्या विहिरीवर उभ्या राह्यतात. कोनी पानी वाढलं त घागर भरते, नाई त रिकामी वापस. लेकरं चिखलाचं पानी पिऊन राह्यले. आमी काई जास्त मागत नाई."

लोक पोट धरून हसले. मास्तरही हसले. माणूस आपली भूमिका असा अंगात घेतो, हेच तर त्यांना हवं होतं.

"आता सरपंचांनी निर्णय द्यायचा," ते म्हणाले.

विहिरीच्या जागी ठेवायचा चिंचोका भिमाबाईच्या मुठीत होता आणि मूठ मांडीवर घट्ट दाबलेली होती.

"बाई, इथं सगळं तुमच्या हातात आहे. खेळच आहे हा. मन मोकळं करून सांगा."

"मले जरा बाहेर जाऊ द्या, गुरुजी."

"फेरी संपल्यावर."

एकेचाळीस माणसांच्या घामाने खोली कोंदली होती. कोणी खोकलं. कोणी म्हणालं, ठरवा ना बे लवकर. मास्तर तिच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. तेव्हा ती खाली पाहत, फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू बोलली.

"हे बोलनं माह्यं हाये, गुरुजी. संक्रांतीच्या मीटिंगमंदी मी असंच बोलली होती, याह्यच्याच समोर. शब्दाले शब्द. विहिरीचा अर्ज अजून याह्यच्याच कपाटात हाये."

मास्तरांनी वळून किसनरावांकडे पाहिलं.

"वस्तीले विहीर देली, त मनतीन भिमी माजली. वरच्या आळीले देली, त वस्तीतले मले दारात उभं करनार नाई. तुमचा खेळ पाच वाजता सरन. मले उद्या याह्यच्याच वावरात धसकटं येचाले जा लागते."

फेरी मोडायची, असं ठरवून मास्तर उठले. तेवढ्यात दार उघडलं आणि विस्तार अधिकारी भगवानराव आत आले. सगळे उभे राहिले, पुन्हा बसले. भगवानराव खुर्चीवर टेकले.

"चालू द्या, मास्तर. तुमच्या खेळाचं फार ऐकलं. आता काय चाललंय?"

खेळ आपलाच, नियम आपलेच. कवड्या टाकून साथ आली म्हणता आलं असतं, सरपंचाची मुदत संपली म्हणता आलं असतं. हे सगळं मास्तरांना नंतर रात्रंदिवस सुचलं. त्या क्षणी साहेब समोर होते आणि तोंडातून निघालं, "सरपंच विहिरीचा निर्णय देताहेत, साहेब."

भिमाबाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग ती पुढे सरकली, ओणवी झाली आणि चिंचोका खालच्या वस्तीत ठेवला.

कोणी हसलं नाही. किसनरावांनी पागोटं डोक्यावर ठेवलं, नीट बसवलं आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "भेटली बुवा आमाले विहीर."

भगवानरावांनी टाळी वाजवली. जाताना शेऱ्यात लिहिलं की प्रयोग उत्तम, जिल्हाभर करावा.

पंधरा दिवसांनी मास्तर त्या गावाला गेले. भिमाबाई घरी नव्हती. गावातलं कोणी तिला कामाला बोलवत नव्हतं. भांडण नाही, शिवी नाही. नुसता निरोपच येत नव्हता. ती दोन कोसांवरच्या गावात उन्हाळी भुईमूग उपटायला जात होती. मास्तर तिथे चालत गेले. बांधावर उभं राहून म्हणाले, "मी वर लिहितो. चौकशी लावतो."

"नका लिहू," ती म्हणाली. हात थांबला नाही. "चौकशी लागन, साहेब येईन, चहा किसनरावच्या घरी पिईन अन् जाईन. मी कुठी जाऊ?"

"चूक माझी झाली, भिमाबाई. मी तुम्हाला उठू द्यायला पाहिजे होतं."

"उठून तरी कुठी जानार होती? दार लावेल होतं, पन बाहेरबी तेच लोक होते ना." थोडं पुढे सरकल्यावर ती म्हणाली, "ठेवला चिंचोका, ते मातर मी बरं केलं. एकडाव तरी ठेवला."

मास्तर तसेच उन्हात उभे राहिले. मुकादम त्यांच्याकडे पाहायला लागला तेव्हा निघाले.

जूनमध्ये बीबी गावात सत्तर जणांचं शिबिर लागलं. एका गावची माणसं एका खोलीत नकोत, असं मास्तरांनी कळवलं होतं. तेवढ्या खोल्या नाहीत, असं उत्तर आलं. खेळ बंद करावा म्हणाले तर साहेबांनी आपलाच शेरा पुढे केला. मग मास्तरांनी डब्यातून सरपंचाची चिठ्ठी काढून टाकली आणि सरपंच स्वतः झाले. पुढची चार वर्षं त्यांनी ठिकठिकाणी खेळ असाच घेतला. लोक हसत, नकला करत, दुपार सरे. कोणाच्या गळ्याला फास लागत नसे आणि कोणाला काही ठरवावंही लागत नसे. शिबिराहून घरी आले की शालिग्राम मास्तर बराच वेळ ओट्यावर बसून राहत. बायको जेवायला बोलवी, तेव्हा उठत.