पंख मोडल्याचं नाटक

त्या वर्षी किनाऱ्यावर झेंड्या लागल्या नाहीत आणि सगळं बिनसलं ते तिथूनच.

हातभर लांबीच्या लाल झेंड्या, ब्लाउजांच्या अस्तरातून उरलेल्या तुकड्यांच्या, दुहेरी टीप घातलेल्या. चिखल्या पक्षी वाळूत अंडी घालायला लागले, की राखणदार प्रत्येक घरट्याभोवती काठ्या रोवून दोरी बांधायचा आणि दोरीला या झेंड्या लावायचा. अंडी वाळूच्याच रंगाची. झेंडी नसेल तर फिरायला आलेल्या माणसाला ती दिसायची नाहीत, थेट पायाखालीच यायची. झेंड्या शिवायची राखणदाराची बायको. गल्लीत तिला सगळे टेलरीण म्हणत. लग्न झाल्यापासून तिने एकही हंगाम चुकवला नव्हता, आणि त्याबद्दल कुणी कधी दोन शब्द कौतुकाचे बोललं नव्हतं, हेही तिच्या चांगलं लक्षात होतं.

यंदा वनखात्याच्या कचेरीने एक बाई पाठवली. पक्ष्यांच्या पायात रंगीत कड्या घालून त्यांचा माग ठेवणारी. येताना ती छापील फलकांचा गठ्ठा घेऊन आली.

"यंदा झेंड्या नकोत बरं का," राखणदार घरात शिरता शिरता म्हणाला. "मॅडमनी फलक आणलेत. काय झकास आहेत!"

टेलरीण मशीनवरून उठली, शिवून ठेवलेल्या झेंड्यांची पिशवी पायाने कपाटाखाली सारली आणि त्या न पाहिलेल्या बाईचं मनातल्या मनात बारसं करून टाकलं. कडीवाली.

मग रोज जेवताना कडीवालीच ताटात. मॅडम म्हणाल्या, यंदा पाखरं कमी आलीत. मॅडम म्हणाल्या, राखणदार, तुमची नजर म्हणजे दुर्बीण आहे. हा माणूस घरात चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधायचा, आणि म्हणे नजर! टेलरीण नुसती हं, हं करत राही आणि भांडी मात्र जरा जोरात आपटत राही. राखणदाराला त्या आवाजातलं काही कळत नसे.

त्यात एक दिवस नणंद आली, ड्रेसची बाही सैल करून घ्यायला.

"वहिनी, दादा हल्ली रोज दाढी करतो वाटतं?"

"दाढीत वाळू अडकते म्हणे."

"इतकी वर्षं नव्हती अडकत ती?" एवढं बोलून नणंदेने आरशात बाही बघितली, छान बसली म्हणाली आणि गेली. तिचं काय, आगीत तेल ओतून मोकळी. इथे टेलरिणीच्या हातून त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा गळा उलटा शिवला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने राखणदाराच्या पिशवीतून जेवणाचा डबा हळूच काढून घेतला. विसरलेला डबा पोचवायला बायकोने जाण्यात गैर काय? तो निघाला, तेव्हा ती दारात उभी होती. तो कोपऱ्यापर्यंत गेला आणि वळला. मागे वळून बघणं त्याला ठाऊकच नव्हतं. घराबाहेर पाय पडला, की त्याचा जीव पाखरांत.

भरउन्हात ती किनाऱ्यावर पोचली आणि तिने पाहिलं. दोघं वाळूत पालथी पडली होती. मध्ये एक दुर्बीण, आळीपाळीने डोळा लावणं चाललेलं. एवढंही तिने एक वेळ मनावर घेतलं नसतं. पण तेवढ्यात समोरच्या ओंजळभर पक्ष्याने एक पंख वाळूत फरफटवला आणि तो लंगडत, कलंडत दूर जायला लागला. कडीवालीने काहीतरी विचारलं, आणि राखणदार हसून तिला समजावायला लागला.

टेलरीण जागीच थांबली. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्याने तिला इथेच आणलं होतं. असाच पक्षी लंगडत निघाला होता आणि ती ओरडली होती, "अहो, पंख मोडलाय हो त्याचा!" तो असाच हसला होता. "नाटक आहे ते. घरट्यापासून आपल्याला लांब न्यायचं नाटक." "तुम्हाला कसं कळलं?" "कळतं," तो म्हणाला होता. तेव्हा तिला वाटलं होतं, जगात एवढं गुपित फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. दागिना नाही, फिरणं नाही, त्याने तिला दिलेलं असं तेच एक होतं. आणि आज तो तेच, तसंच हसून, दुसरीला देत होता.

ती चार पावलं पुढे गेली आणि धाडकन वाळूत बसली.

"आई गं! पाय!"

दोघंही धावत आली. कडीवालीने पाय बघायला हात पुढे केला, तर टेलरिणीने पाय आखडता घेतला. "काही नाही, जाईन मी एकटी," म्हणाली आणि लंगडत निघाली. पाय ओढत, कण्हत. राखणदार क्षणभर तिच्याकडे बघत उभा राहिला. मग कडीवालीला म्हणाला, "मॅडम, ही बाजू जरा सांभाळा," आणि बायकोच्या मागोमाग आला.

तो दिवस टेलरिणीचा फार सुखात गेला. त्याने तिचा पाय उशीवर ठेवला, मलम चोळलं, चहा केला. चहा अगदी पांचट होता, पण तिने मिटक्या मारत घेतला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "जा हो तुम्ही, माझं काय," आणि मग इतकी विव्हळली, की तो थांबला. खुर्ची मशीनजवळ ओढून तिला सुईत दोरा ओवून देत बसला. त्याच्या तोंडून एकदाही 'मॅडम म्हणाल्या' निघालं नाही.

संध्याकाळी दार वाजलं. दारात कडीवाली. टेलरिणीने तिला पहिल्यांदा जवळून पाहिलं. उन्हाने नाकाची सालं निघालेली, कोपरं खरचटलेली, केसांत वाळू. हातात क्रेप बँडेजची गुंडाळी.

"ताई, पाय कसा आहे?" तिने विचारलं आणि मग राखणदाराकडे वळली. "दुपारी कुत्री आली. मी दुसऱ्या टोकाला मुलांना हटवत होते. धावले, पडले, पण पोचले नाही. खडकाजवळचं घरटं गेलं. तीनही अंडी." तिने खरचटलेलं कोपर दाबून धरलं. "पाखरू तिथेच फिरतंय अजून. लंगडतंय. आता कुणापासून वाचवतंय, कुणास ठाऊक."

राखणदार उठला. त्याने तिला पाणी दिलं. जाताना ती बँडेज मशीनवर ठेवून गेली.

टेलरीण बँडेजकडे बघत बसली. तिला स्वतःची शिसारी आली. तिन्हींपैकी एकाही अंड्याने तिचं काही घेतलं नव्हतं. ती उठली, सरळ चालत दारापर्यंत गेली, दार लावलं आणि सरळ चालत परत आली.

"माझ्या पायाला काही झालेलं नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"वाळूत होतीस तेव्हापासून." तो दोऱ्याचं रीळ गुंडाळत होता. "मागे वळून बघत होतीस. खरंच पंख मोडलेलं पाखरू मागे बघत नाही, जीव घेऊन पळतं. नाटक करणारं थांबून थांबून बघतं, माणूस येतोय ना म्हणून. तू पहिल्यांदा किनाऱ्यावर आलीस तेव्हा विचारलं होतंस, कसं कळलं. त्यावरनंच कळतं."

तिचा चेहरा लालबुंद झाला. "कळलं होतं, तर आलात कशाला? आज तरी जायचं होतंत! ती अंडी..."

"आज जायला हवं होतं. ते माझ्या डोक्यावर." त्याने रीळ खाली ठेवलं. "पण पाखरू असं करायला लागलं ना, की समजायचं, आपला पाय त्याच्या घरट्याच्या फार जवळ पडलाय. माझा कुठे पडला तेच कळेना. काल रात्रीपासून शोधतोय."

टेलरीण वाकली आणि तिने कपाटाखालची पिशवी बाहेर ओढली. त्याने आतली एक झेंडी काढून दुहेरी टिपेवर बोट फिरवलं. मग म्हणाला, "हात्तिच्या! बैल आहे मी." ती रडत होती, तरी तिला हसू आलं, कारण ते अगदी खरं होतं.

सकाळी तो निघाला, तेव्हा पिशवी त्याच्या खांद्यावर होती. खडकापलीकडे आणखी दोन घरटी होती, अजून शाबूत. तिला बरोबर ये म्हणाला नाही. तसं म्हणायची त्याला सवयच नव्हती. ती दारात उभी राहिली. तो कोपऱ्यावर पोचला.

तिथे थांबला आणि त्याने मागे वळून पाहिलं.

ती चपला घालूनच उभी होती.