दुसरी खुर्ची

साहेब, ती दुसरी खुर्ची तुम्ही चोरलीत. उचलून नेली शिपायाने, पण हुकूम तुमचा होता. मुलांचं मन ऐकायला तुमच्या खात्याने शाळेत टॅब दिला आणि तुम्ही म्हणालात, यंत्रासमोर एकच मूल बसतं, मग खोलीत दोन खुर्च्या कशाला?

शिपाई खुर्ची डोक्यावर घेऊन निघाला तेव्हा ऐकूबाई दारातच होत्या. शाळेत मुलांचं मन ऐकून घेणं हीच त्यांची नोकरी, म्हणून पोरांनी हे नाव पाडलेलं.

"मामा, मग मी कुठे बसू?"

"तुम्ही आता बसायचं नाही, बाई. टॅब पुसायचा, चार्ज करायचा, वेळ झाली की पोराला उठवायचं." मग जरा ओशाळून म्हणाला, "माझ्यावर डोळे वटारू नका. सांगितलं, उचललं."

त्या दिवसापासून ऐकूबाई हातात फडकं घेऊन उभ्या राहिल्या. मुलांशी बोलायचीही बंदी आली. माणसाच्या बोलण्याची नोंद राहत नाही, टॅबमधल्या मित्राची राहते, असं तुमचं म्हणणं.

सातवीतली पुटपुटी आली. स्वतःशीच पुटपुटायची, म्हणून वर्गाने दिलेलं नाव. पूर्वी ती दुसऱ्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायची, तासभर मूग गिळून, आणि घंटेच्या तोंडावर एकच वाक्य बोलायची. त्या एका वाक्यासाठी ऐकूबाई तासभर थांबायच्या. टॅबला कुठला एवढा दम! पोर जरा गप्प राहिली की तो विचारायचा, 'तू अजून आहेस का?'

"बाई, हा फार घाई करतो."

"लिही गं, जमेल."

"तुम्हालाच सांगू?"

ऐकूबाईंनी कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, चूल त्यांच्याच पगारावर पेटायची.

"यालाच सांग, बाळा. खरं ते लिही. कुणीतरी वाचेल."

पोरीने लिहिलं. बाबा मारतात. आज घरी जायचं नाही.

टॅबने एक फुगा दाखवला, फुगणारा, आकसणारा. श्वास घे, सोड. वर खरं बोलल्याबद्दल एक तारा दिला. पोर वर्गात गेली. ऐकूबाई काच पुसायला वाकल्या तर खाली अक्षरं उमटलेली: 'तुझ्या पालकांना कळवले आहे.'

पालक म्हणून नंबर बापाचाच होता.

त्या धावत मुख्याध्यापिकांकडे गेल्या. "पोरीला घरी पाठवू नका, पाया पडते!"

"अहो, यंत्रणेने दखल घेतलीय ना? तुमचं काय मध्येच?"

"दखल? वाघालाच सांगितलंय की शेळी ओरडतेय म्हणून!"

"आवाज खाली, बाई."

त्या फाटकापाशी पोचल्या तेव्हा बाप आलेलाच होता. नीट भांग पाडलेला, हसतमुख. पोरीचं मनगट त्याच्या मुठीत.

"जरा हळवी आहे हो आमची," तो म्हणाला. "घरी समजावतो."

पुटपुटीने एकदाच मागे वळून पाहिलं. ओठ मिटलेले होते. पुटपुटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती घरात नव्हती. विहिरी पाहून झाल्या, स्टेशन पालथं घातलं, पोलिसांनी फोटो नेला. अजून पत्ता नाही. त्या महिन्यात तुमच्या अहवालात शाळेचं नाव पहिलं आलं. म्हणे, मुलं मोकळी होताहेत.

आज तिची आई आली. गालावरचा जुना वळ पदराने झाकत म्हणाली, "माझी पोर शेवटचं कुणाशी बोलली? मला त्यांना भेटायचंय."

ऐकूबाईंनी टॅबकडे बोट केलं. आईने त्याच्या काचेवर हात फिरवला, झोपलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवावा तसा. काच उजळली. 'तू अजून आहेस का?'

आईला वाचता येत नव्हतं. "काय म्हणतोय हा?"

ऐकूबाईंनी खोलीतली एकुलती खुर्ची पुढे सरकवली. "बसा, ताई."

"पोर इथेच बसायची?"

"हो."

"मग मी नाही बसत. तिची आहे ती."

दोघी उभ्या आहेत, साहेब. दुसरी खुर्ची कुठे आहे?