बाइंडरच्या घरातली भेग

आम्ही पोचलो तेव्हा भेग नव्हती.

माडीवरच्या खोलीत आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे होतो. वारसा समितीचे आम्ही पाच जण, नगरपालिकेचे इंजिनियर, घरमालक म्हणजे पुस्तकं बांधणारे बाइंडर, त्यांची बायको, आणि खास आजच्यासाठी माहेरी आलेली त्यांची धाकटी बहीण. भिंत मोतिया रंगाची, गुळगुळीत. रंगाचा वास अजून गेला नव्हता. इंजिनियरनी नोटिशीला जोडलेला फोटो भिंतीशेजारी धरला. फोटोत खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरपी रेघ स्पष्ट दिसत होती.

"कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

बाइंडरनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं पडद्याची चुणी नीट केली.

"मोठी माणसं घरी येणार म्हणून जरा आवरलं," त्या म्हणाल्या. "फोटोत किती वाईट दिसत होतं ते. ओल्या फडक्यानं घासून घेतलं, कागद लावला, वरून रंग मारला. पडदाही नवा आहे."

"वहिनी," नणंद कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, ती माणसं भेग बघायलाच येणार होती."

"मग? घाणेरडी दाखवायची?"

आमचे सचिव हसले आणि लगेच गप्प झाले. हसण्यासारखं नव्हतं. घर धोकादायक ठरवून पाडावं, असा नगरपालिकेचा प्रस्ताव होता आणि सुनावणी याच आठवड्यात होती. शेजारचं घर फार पूर्वी पाडलं गेलं, तेव्हापासून ही भिंत एका अंगानं उघडी पडली होती. खाली बांधणीचा कारखाना, वर राहती जागा. दगडी जोतं, लाकडी जिना, आणि कारखान्यात उजेड यावा म्हणून मुद्दाम काढलेल्या उंच, अरुंद खिडक्यांची ओळ. अशी कारागिरांची घरं गावात आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. भिंत स्थिर आहे असं आम्ही लिहून दिलं तर घर संरक्षित यादीत जाणार होतं. नाही तर बाइंडरना कारखान्यासकट रस्त्यावर यावं लागणार होतं.

सगळं त्या एका भेगेवर अडलं होतं. जुन्या घराला भेग असणं यात काही विशेष नाही. भेग थांबलेली आहे की अजून सरकते आहे, एवढाच प्रश्न असतो. एरवी आम्ही भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवतो आणि वर्षभर थांबतो. सगळे ऋतू जाऊन काच शाबूत राहिली तर भेग थांबलेली. इथे वर्ष नव्हतं. रेघेतली धूळ आणि कडांचा बोथटपणा बघून वयाचा अंदाज करायचा, असं ठरवून मी भिंग घेऊन आले होते. ती धूळ वहिनींच्या फडक्याबरोबर मोरीत गेली होती.

"नोटीस मिळाल्यावर भेग बुजवणं म्हणजे पुरावा नष्ट करणं होतं," इंजिनियर म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मला हे लिहावं लागेल."

वहिनींच्या तोंडाचं पाणी पळालं. आपण काय केलं ते त्यांच्या आत्ता ध्यानात आलं होतं.

आमचे अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य. गाव त्यांना अजूनही दातवाले म्हणतं आणि समितीला जुनं-पुराणं मंडळ. समितीकडे ना पैसा, ना शिपाई. जे काही टिकलंय ते दातवाल्यांच्या चिकाटीवर. एखाद्या पडीक इमारतीत शिरले की ते आधी बोलत नाहीत. भिंतीवर हाताची पाठ टेकवून ओल बघतात, बोटाच्या पेरानं ठोकून पोकळ कुठे आहे ते ऐकतात. टपालकचेरीचा जिना त्यांनी असाच वाचवला. ठेकेदार सगळाच कुजलाय म्हणत होता. यांनी एकेक पायरी ठोकून खराब तेवढ्या वेगळ्या काढल्या, आणि जिना आज वापरात आहे.

आताही ते भिंतीवरून हात फिरवत होते.

"थेट रंग का नाही मारलात?" त्यांनी विचारलं. "कागद कशाला?"

"थेट मारला तर रेघ परत डोकं वर काढते. सासूबाईंची शिकवण. आमच्यात आधी कागद लावतात. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून अस्तर लावतो ना, तोच."

"आमच्यात म्हणजे? प्रत्येक वेळी?"

"घरात कार्य निघालं की रंग, आणि रंग म्हटला की आधी कागद."

"आणि जुना कागद काढून टाकता?"

"तो निघतोय कसला," बाइंडर म्हणाले. "आमच्या हातची खळ आहे."

दातवाल्यांनी स्टूल मागितलं, वाटीभर कोमट पाणी मागितलं आणि आपली पेटी उघडली. आत दवाखान्यातलीच हत्यारं. सवयीनं ते भिंतीला म्हणाले, "दुखलं तर सांगा."

त्यांनी तळहाताएवढा चौकोन ओला केला. थांबले. पुन्हा ओला केला. वहिनींचा नवा कागद सालीसारखा सुटून आला. खाली आधीचा मोतिया रंग होता आणि त्यात ती रेघ.

"ही बघा," इंजिनियर म्हणाले.

"रेघ रंगात आहे," दातवाले म्हणाले. "कागदामागे पोकळ असली की नुसता रंग वाळूनही तडकतो. त्याखाली काय आहे ते बघू."

पातळ पात्यानं ते रंग खरवडू लागले. चाळिशी नाकावर उतरलेली, कोपर गुडघ्यावर टेकवलेलं, हात जराही थरथरत नव्हता. खोलीत फक्त पात्याची खरखर. रंगाची पूड खाली पडत होती आणि वहिनी ती लगेच पुसायला धावू नयेत म्हणून नणंदेनं त्यांचा हात धरून ठेवला होता. रंगाखालचा कागद उघडा पडला. अखंड होता. मी भिंगातून रेघेच्या जागी बारकाईनं पाहिलं. एक तंतूही तुटलेला नव्हता.

"हा मोतिया कधीचा?" मी विचारलं.

"आमची मुलगी शिकायला बाहेर गेली, त्याच्या आदल्या वर्षीचा," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे तेव्हापासून भिंत हललेली नाही," सचिव उत्साहानं म्हणाले.

"किंवा कागद चिवट आहे," इंजिनियर म्हणाले. "भिंत सरकली तरी ताणला जात असेल, फाटत नसेल. न फाटलेल्या कागदावरून काय कळणार?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भूशास्त्र शिकले आहे, थर वाचणं हे माझं काम. सोयीचं काहीतरी बोलावं असं मलाही वाटलं.

"त्यांचं बरोबर आहे," मी म्हणाले. "असा कागद फाटतो, हे आधी दिसायला हवं."

"तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?" वहिनींनी विचारलं.

"भिंतीच्या," दातवाले माझ्याऐवजी म्हणाले. "आणि बाई बरोबर बोलताहेत. अजून खाली जाऊ."

प्रत्येक थराची एक पट्टी रेघेवर तशीच ठेवत ते खाली गेले, आणि निळा निघाला. बाइंडरच्या लग्नातला निळा, याबद्दल एकमत होतं. त्याखालचा कागदही अखंड.

"माझं लग्न झाल्यापासून भिंत हललेली नाही," बाइंडर म्हणाले.

"मी आल्यावर हिंमत आहे का तिची?" वहिनी पुटपुटल्या. त्या पहिल्यांदाच हसल्या, पण लगेच पदर तोंडाला लावला. कारण आता उलटंच झालं होतं. कागद फाटलेला निघावा म्हणून आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो. पुढचाही अखंड निघाला असता तर इतके सगळे थर निरुपयोगी होते.

निळ्याखाली हिरवा आला.

"हा माझ्या लग्नातला," नणंद म्हणाली.

"तुझ्या लग्नात पिवळा होता."

"दादा, पिवळा मांडव होता. भिंत हिरवी. ओला रंग माझ्या शालूला लागला म्हणून आईनं तुला चोपलं होतं, आठव."

दादांना आठवलं असावं, कारण त्यांनी विषय वाढवला नाही.

दातवाल्यांनी हिरवा रंग काढला आणि हात थांबवला. मला पुढे बोलावलं. कागदावर केसाएवढी चीर होती, वरून खाली सलग. चिरेच्या दोन्ही कडांना तुटलेले तंतू उभे होते.

"फाटला," मी म्हणाले.

त्याखाली बाइंडरच्या वडिलांच्या वेळचा, चुन्याखालचा कागद. तो तर दुभंगलाच होता. दोन तुकड्यांमध्ये माझं नख सहज बसत होतं. शेजारचं घर पाडलं त्या सुमाराचा, असं बाइंडर म्हणाले. आधार गेल्यावर भिंत बसली, मग थोडी अजून बसली, आणि मग थांबली.

इंजिनियरनी भिंग मागितलं. त्यांनी पाचही थर वरून खाली आणि मग खालून वर पाहिले. तोच कागद, तीच खळ, हे बाइंडरना दोनदा विचारून घेतलं.

"प्रस्ताव मागे घेणं माझ्या हातात नाही," शेवटी ते म्हणाले. "पण भेग चालू आहे असं मी लिहिणार नाही. आज जे पाहिलं ते लिहीन."

"एवढंच हवं," दातवाले म्हणाले.

मालकाच्या देखत मत द्यायचं नाही, असा आमचा नियम आहे. म्हणून आम्ही जिना उतरून रस्त्यावर आलो आणि कारखान्याच्या खिडक्यांसमोर घोळका करून उभे राहिलो. दातवाल्यांनी दोन वाक्यांत ठराव मांडला. घर यादीत घ्यावं. उघडा केलेला चौकोन तसाच ठेवावा, त्यावर याच घरचा कागद याच घरच्या खळीनं लावावा आणि रंग न देता दर महिन्याला बघावा. त्यांचा एक हात खरवडून खरवडून आखडला होता, दुसऱ्यात पेटी होती. मतासाठी हात मोकळा व्हावा म्हणून इंजिनियरनी पुढे होऊन ती पेटी धरली.

पाचही हात वर गेले. सचिव नेहमीसारखे सावकाश मोजू लागले. येणारे-जाणारे थबकून आमच्याकडे बघत होते.

वर खिडकीचा पडदा बाजूला झाला. वहिनी, नणंद आणि बाइंडर तिघंही दाटीवाटीनं वाकून बघत होते. वहिनींचे डोळे भरून आले होते, पण आवाज ठणठणीत होता.

"अहो, कळलं," त्यांनी वरून सांगितलं. "हात खाली घ्या आता. लोक बघताहेत."